९६ पानांचा प्रकल्प आणि ५६ गुण

“सरांनी मुद्दाम कापले.” एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातली अश्विनी (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) समुपदेशन कक्षात आली ती हे वाक्य घेऊनच. तिसऱ्या सत्राच्या संशोधन प्रकल्पात १०० पैकी ५६. मैत्रिणीचा प्रकल्प जेमतेम ५५ पानांचा, तिला ७८. हिची पानं ९६, साम्य तपासणीत (मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो, ते बघणारी तपासणी) फक्त ७ टक्के, मार्गदर्शकांच्या एकाही भेटीला दांडी नाही. घरी वडील विचारत होते, “मग रात्र रात्र जागून काय लिहीत होतीस?” चौथ्या सत्राचा, ६ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) प्रकल्पही त्याच सरांकडे होता आणि आता कशालाच हात लावायची इच्छा उरली नव्हती.

निकाल लागले की ही तक्रार हमखास येते. ‘जाऊ दे, पुढच्या वेळी मिळतील’ म्हणून ती मिटत नाही, कारण पक्षपाताची शंका तशीच राहते. तिला आधी विभागातून गुणांची फोड आणायला सांगितली.

ही फोड प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. तिच्या विभागात प्रगती आणि सादरीकरणाचे ३० गुण मार्गदर्शकाकडे, अहवालाचे ४० गुण मार्गदर्शक आणि बाह्य परीक्षक मिळून देतात आणि तोंडी परीक्षेचे ३० गुण बाह्य परीक्षकाकडे. तिला मिळाले २५, १८ आणि १३. म्हणजे ज्यांच्यावर संशय होता, त्यांच्या एकट्याच्या हातातले गुण ३० पैकी २५ होते. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पण मॅडम, अहवालात १८च कसे?”

अहवालाच्या ४० गुणांत पानांचा रकाना नव्हता. उद्दिष्टांना ५, पूर्वसाहित्याला (विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा आढावा) ८, पद्धतीला १०, विश्लेषणाला १०, निष्कर्षांना ४, संदर्भ-मांडणीला ३. तिची ९६ पैकी ३४ पानं पूर्वसाहित्यात गेली होती, तिथे जास्तीत जास्त मिळणार ८. मिळाले ४. अमुक संशोधक असं म्हणतो, तमुक तसं म्हणतो, अशी नुसती रांग. त्यातून आपला प्रश्न कुठे सुटायचा राहिलाय, ते कुठेच नव्हतं. वर साम्य कमी करायला वाक्यं बदलणारं सॉफ्टवेअर वापरलेलं. त्याने ‘सेल्फ हेल्प ग्रुप’चं ‘सेल्फ असिस्टन्स बंच’ करून ठेवलं होतं. असा शब्द दिसला की परीक्षक पुढची पानं संशयानेच वाचतो.

साम्याच्या टक्केवारीबद्दल गैरसमज फार आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य निघालं तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते आणि त्यापुढे शिक्षा वाढत जाते. पण ७ टक्के म्हणजे चोरीचा आक्षेप नाही, एवढंच. त्याचे गुण मिळत नाहीत.

खरं नुकसान पद्धतीत आणि विश्लेषणात झालं होतं: दोन्हीकडे १० पैकी ३. विषय होता बचत गटातल्या महिलांचा यूपीआय वापर. ६० जणींची उत्तरं तिने व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म पाठवून गोळा केली होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्या नमुन्यात येणारच कशा? निष्कर्ष मात्र ‘तालुक्यातील महिला’ असा सरसकट. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच आला आणि ती गडबडली. ‘स्मार्टफोन वापरणाऱ्या सदस्यांपुरता अभ्यास’ एवढी मर्यादा एका ओळीत लिहिली असती, तर तो प्रश्न तिथेच थांबला असता.

विश्लेषणात २२ पाय-चार्ट होते आणि प्रत्येकाखाली तोच आकडा वाक्यात पुन्हा लिहिलेला. शिक्षणाचा यूपीआय वापराशी संबंध आहे, हे गृहीतक टक्के बघून ‘सिद्ध’ केलेलं. दहावीपर्यंत शिकलेल्या २४ पैकी ९ जणी यूपीआय वापरतात, त्यापुढे शिकलेल्या ३६ पैकी २५. तिच्याच आकड्यांवर काय-वर्ग चाचणी (chi-square, दोन गोष्टींतला संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का, ते तपासणारी) करून पाहिली, तर मूल्य साधारण ५.९८ येतं. अशा दोन गट आणि दोन उत्तरांच्या तक्त्याला (एक स्वातंत्र्यमात्रा, ५ टक्के सार्थकता पातळी) ३.८४ च्या वर गेलं तरी पुरे असतं. म्हणजे गृहीतक टिकत होतं, तिने ते दाखवलंच नव्हतं! हे कळल्यावर ती पहिल्यांदा हसली, थोडी चिडूनच.

आणखी एक गोष्ट सापडली. पाच उद्दिष्टांपैकी दोन उद्दिष्टांसाठी प्रश्नावलीत एकही प्रश्न नव्हता. ती दोन उद्दिष्टं निष्कर्षांत ‘जागरूकता वाढवली पाहिजे’ अशा वाक्यांनी भरून काढलेली. मैत्रिणीच्या प्रकल्पात उद्दिष्टं तीनच होती आणि तिन्हींची उत्तरं तक्त्यांत सापडत होती.

पुढच्या सत्रासाठी तिने वहीत चार रकाने आखले: उद्दिष्ट, प्रश्नावलीतला प्रश्न क्रमांक, तक्ता किंवा चाचणी, निष्कर्ष. ज्या ओळीत रकाना रिकामा राहील, ते उद्दिष्ट काढून टाकायचं. हा कागद आराखडा देतानाच सरांना दाखवायचा, टंकलेखनानंतर नाही. गटाच्या मासिक बैठकीत बसून छापील प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, म्हणजे फोन नसलेल्याही येतील. आणि सरांना ‘मार्क कमी का?’ असं न विचारता ‘पद्धतीच्या १० पैकी ३, त्यात नेमकं काय कमी होतं?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला सहसा ‘मेहनत कर’ एवढंच उत्तर मिळतं.

तिने पुनर्मूल्यांकनाबद्दलही विचारलं. ती सोय मुख्यतः लेखी पेपरसाठी असते. प्रकल्प आणि तोंडी परीक्षेला ती सहसा लागू होत नाही. बेरजेतली चूक असेल तर परीक्षा विभागाकडे लेखी अर्ज करावा. फोड दाखवायलाच नकार मिळाला किंवा मूल्यमापन खरोखर अन्यायाचं वाटलं, तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांत अपारदर्शक मूल्यमापनाची तक्रार स्पष्टपणे धरलेली आहे. अश्विनीने अर्ज केला नाही. सरांची वेळ मात्र मागून घेतली.