वाचकांचे प्रश्न : सासूबाईंचा राहिलेला नवस आणि मीरासाहेबांचा उरूस

प्रश्न : माझं माहेर कराड, सासर मिरज. माझ्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणात सासूबाईंनी मिरजेच्या दर्ग्यातल्या मीरासाहेबांना नवस बोलला होता. त्या मागच्या वर्षी गेल्या आणि नवस तसाच राहिला, नेमकं काय बोलल्या होत्या ते घरात कुणालाच माहीत नाही. नणंद म्हणते कंदुरीच करावी लागणार, पण आमचं घर माळकरी. त्यात आता फॅमिली ग्रुपवर काहीजण म्हणायला लागलेत की आपण दर्ग्यात जायचंच कशाला. काय करू? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी त्या ग्रुपवरच्या मंडळींचं बघू, कारण तुमच्या मनात खरं तेच सलतंय असं वाटतं. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसाला मानाचा गलेफ (कबरीवर घालायची चादर) कुणाचा असतो तर चर्मकार समाजाचा, वाजतगाजत येतो आणि तिथनंच उरूस सुरू होतो. हे काल-परवा कुणी ऐक्य बिक्य दाखवायला सुरू केलेलं नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला मान आहे. अशा गावात तुमच्या सासूबाई दर्ग्यासमोर पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या त्यात त्यांनी काही जगावेगळं केलं नाही, नातवंड सुखरूप हातात यावं म्हणून जे दार जवळचं वाटलं तिथं त्या गेल्या. त्यांच्या श्रद्धेची लाज वाटायचं काडीचंही कारण नाही.

आता कंदुरी. कंदुरी म्हणजे बकऱ्याचं जेवण, ते ज्यांच्या घरात चालतं ते करतात, पण सगळ्यांनी तेच केलं पाहिजे असं कुठंय? माळकरी घरातनं मलिदा नेतात, म्हणजे चपाती नाहीतर रोटी कुस्करून गूळ-तूप घालून केलेला. तो न्यायचा, मुजावर म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी फातेहा देतात, म्हणजे त्यावर प्रार्थना म्हणतात, मग थोडा तिथं वाटायचा थोडा घरी आणायचा, सोबत गलेफ आणि फुलं आणि ऊद. गलेफ केवढ्याचा घ्यायचा हे तुमच्या खिशावर. नवस नेमका काय होता हे मुजावरांना सरळ सांगा की आम्हाला माहीत नाही, सासूबाईंच्या नावानं फेडायचाय, तुमच्यासारखी राहिलेल्या नवसाची माणसं त्यांच्याकडं येतच असतात. कुणी मधेच उभा राहून एवढे हजार द्या तरच नवस पुरा होतो म्हणाला तर ऐकू नका, द्यायचंच असेल तर दानपेटीत टाका.

आणखी एक सांगतो. नवस-गलेफ पटत नाही म्हणणारे मुसलमानांमध्ये पण आहेत, मागायचं ते फक्त अल्लाहकडं असं त्यांचं म्हणणं, आणि दर्ग्यात जाणारा भाविकही तुम्हाला हेच सांगेल की देणारा तोच, पीर आपली अर्जी पुढं पोचवतात. म्हणजे हा वाद तुमच्या ग्रुपवरच चाललाय असं नाही, त्याचं एवढं टेन्शन घेऊ नका. गर्दी नको असेल तर उरूस सोडून एखाद्या गुरुवारी संध्याकाळी जा. बायकांनी आत कुठपर्यंत जायचं याची रीत प्रत्येक दर्ग्यात वेगळी असते. मुंबईत हाजीअलीला मजारीपाशी, म्हणजे कबरीपाशी, बायकांना बंदी केली होती, ती 2016 मध्ये हायकोर्टाने उठवली, पण गावोगावच्या दर्ग्यांत अजून जुनीच रीत दिसते, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि मुलीला न्याच, आजीनं जिच्यासाठी मागणं मागितलं ती तिथं असायला हवी.

प्रश्न : उरुसाची तारीख दरवर्षी का बदलते? सुट्टी टाकायला अवघड जातं. – सांगली

उत्तर : उरूस म्हणजे पिराची पुण्यतिथी आणि ती धरतात हिजरी महिन्यानं. चांद्र वर्ष 354 दिवसांच्या आसपासचं आणि त्यात आपल्यासारखा अधिक महिना नाही, त्यामुळं दरवर्षी तारीख 10-11 दिवस अलीकडं सरकते. चंद्रदर्शनावर एखादा दिवस इकडंतिकडं होतो, म्हणून सुट्टी एक दिवस जास्तीची टाका. काही खेड्यांत मात्र पिराचा उरूस गावच्या जत्रेसारखा मराठी तिथीवर भरतो, तिथं ही अडचण येत नाही.

प्रश्न : मी सांगलीत गाणं शिकतोय, बारावीला आहे. दर्ग्यात शास्त्रीय संगीत का होतं? आणि माझ्यासारख्यानं तिथं जावं का? – एक विद्यार्थी

उत्तर : जावं का काय विचारतोस, मिरजेपासून एवढ्या जवळ राहून गाणं शिकणाऱ्यानं न जाणं हेच मला पटणार नाही! किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब (1872–1937) उत्तरेतल्या कैरान्याचे, बडोदा मुंबई असं करत शेवटी मिरजेचे झाले. त्यांना प्लेग झाला होता आणि मीरासाहेबांच्या दारात सेवा केल्यावर ते त्यातनं उठले अशी कथा मिरजेत सांगतात. दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली बसून ते गायचे असंही जुनी माणसं सांगतात. 27 ऑक्टोबर 1937 ला मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत तब्येत बिघडली म्हणून सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर उतरले आणि तिथंच गेले, पण दफन कुठं तर मिरजेत, याच दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या शिष्यांत सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, म्हणजे तू रेडिओवर नाहीतर मोबाईलवर जे ऐकतोस त्याचं एक मूळ इथं आहे.

म्हणून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. इथं नावाजलेले कलाकारही बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात आणि ऐकायलाही तिकीट नसतं. गलेफ घेऊन येणारा, मलिदा घेऊन येणारा आणि सूर घेऊन येणारा, तिघांची रांग एकच असं मी तरी मानतो. या वर्षी ऐकायला जा, चप्पल बाहेर काढ, डोक्यावर रुमाल बांध आणि पहिल्यांदा खाँसाहेबांच्या मजारीपाशी जा. रात्र चढत जाते तसे कुठले राग येतात ते नीट ऐक, वहीत लिहून ठेवलंस तरी चालेल पण रेकॉर्डिंगच्या नादात पडू नको. गायचं असेल तर आधी तुझ्या गुरुजींना विचार, ते सांगतील तेव्हा.

आणि दिवसा सतारमेकरांच्या दुकानांत पण चक्कर मार, भोपळ्यापासून तंबोरा कसा उभा राहतो ते बघायला मिळेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तारा जवारीवर, म्हणजे तारांखालच्या घोडीवर, कशा बोलत्या करतात ते त्या कारागिराच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : कडेगावच्या ताबुतांना पण उरूसच म्हणायचं का? मित्राला शुभेच्छा पाठवायच्या होत्या. – विटा

उत्तर : नाही, ते मोहरम. इसवी सन 680 मध्ये करबलेत इमाम हुसेन शहीद झाले त्याचा शोक, त्यामुळं मुबारक म्हणू नका, त्यापेक्षा भेटी, म्हणजे ताबूत एकमेकांसमोर येतात तो सोहळा, बघायला येतो म्हणून कळवा, त्याला जास्त बरं वाटेल. कडेगावचे ताबूत, म्हणजे इमामांच्या कबरीच्या प्रतिकृती, बांबूचे, गगनाला भिडणारे, बांधायला सुरुवात कळसापासून आणि पाया शेवटी, त्यातले काही हिंदू घराण्यांचे आहेत. भेटीच्या दिवशी गर्दी तुफान असते, गाडी गावाबाहेरच लावा आणि लवकर पोचा.