प्लांटेड टाकीचा फिल्टर: आधी सिलिंडरचा निर्णय, मग फिल्टरचा

तुमच्या प्लांटेड टाकीविषयी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती वाढवायच्या मत्स्यालयाविषयी, तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी, तळाला रोपांना पोषण देणारी अ‍ॅक्टिव्ह सॉइल, पुढच्या भागात हिरवळीसारखी पसरणारी रोपे, वीसएक निऑन टेट्रा, थोड्या चेरी कोळंब्या, बोअरचे पाणी आणि उन्हाळ्यात रोज दोन-तीन तासांचे भारनियमन. रोपांच्या वाढीसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारा सिलिंडर लावायचा की नाही हे अजून ठरलेले नाही. दुकानदाराने ताशी 2000 लिटर पाणी फिरवणारा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्यातला फिल्टर, सुचवला आहे, मित्राचे म्हणणे आहे की रोपे असली की फिल्टर लागतच नाही, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे हा तुमचा प्रश्न आहे. दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे, परंतु सिलिंडर लावणार का, हे दोघांनीही विचारलेले दिसत नाही. माझ्या मते फिल्टरची निवड इतर कशाहीपेक्षा त्या एका उत्तरावर अवलंबून आहे.

मित्राचे म्हणणे कुठपर्यंत खरे आहे ते आधी पाहू. मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात, आणि फिल्टरमधील सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. रोपे नसलेल्या टाकीत हे काम जवळजवळ सगळे फिल्टरवरच येऊन पडते. प्लांटेड टाकीत मात्र रोपे स्वतःच अमोनियम शोषून घेतात, आणि बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियमच उचलतात, कारण घेतलेल्या नायट्रेटचे पुन्हा अमोनियममध्ये रूपांतर करण्यासाठी त्यांना ऊर्जा खर्चावी लागते. शिवाय हे सूक्ष्मजीव पृष्ठभागांना चिकटून राहतात, त्यामुळे सॉइलचा प्रत्येक कण, लाकूड, दगड आणि पाने हीसुद्धा त्यांची घरेच असतात. त्यांची संख्या त्यांना किती अमोनिया मिळतो यावर ठरते. सूक्ष्मजीवांना राहायला फिल्टरमध्ये भरतात त्या महागड्या रिंगांची आणखी एक पिशवी भरल्याने ती वाढत नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोड्या पाण्याच्या बहुतेक टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्याच गटातील सूक्ष्मजीव अधिक आढळले, आणि हे जीव अत्यल्प अमोनियावरही तग धरतात. म्हणून वीस निऑन आणि भरपूर रोपे असलेल्या टाकीसाठी ‘किती लिटर मीडिया (आत भरायचे साहित्य) मावतो’ या निकषावर फिल्टर निवडण्याचे कारण मला दिसत नाही.

तरीही तुमच्या बाबतीत एक सावधगिरी हवी, ती बोअरच्या पाण्यामुळे, कारण ते बहुधा कठीण आणि जास्त पीएचचे असते. पाण्यातील एकूण अमोनियापैकी विषारी भाग किती, हे पीएचवर ठरते. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर तो भाग अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, आणि पीएच 8 असेल तर तोच सुमारे साडेपाच टक्क्यांवर जातो. अ‍ॅक्टिव्ह सॉइल सुरुवातीला पीएच खाली आणते, पण कठीण पाण्यात तिची ही क्षमता लवकर संपते. मुंबईच्या धरणांतून येणाऱ्या मऊ पाण्यावर टाकी चालवणाऱ्याला जी ढिलाई परवडते, ती दख्खनच्या पठारावरील बोअरच्या पाण्यावर परवडत नाही. त्यामुळे फिल्टर अजिबात न लावण्याचा सल्ला तुमच्यासाठी योग्य नाही.

आता फिल्टरच्या त्या कामाकडे येतो, जे प्लांटेड टाकीत सर्वांत महत्त्वाचे असूनही दुकानात क्वचितच सांगितले जाते, ते म्हणजे पाणी फिरते ठेवणे. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट संथपणे तो पाण्यात पसरतो. प्रत्येक पानाला पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर लपेटलेला असतो. पानाने त्यातील वायू आणि पोषक द्रव्ये वापरून टाकली की नवा पुरवठा त्या थरातूनच हळूहळू झिरपत येतो. पाणी वाहते राहिले की हा थर पातळ होतो आणि पानाला अन्न मिळते. टाकीच्या ज्या कोपऱ्यात पाने अजिबात हलत नाहीत, तेथेच रोपांची खालची पाने आधी पिवळी पडतात आणि काळ्या केसाळ शेवाळाचे पहिले पुंजके बहुधा तेथेच दिसतात, हा माझा वारंवारचा अनुभव आहे. फिल्टर चांगला आहे की नाही, याची माझी परीक्षा म्हणूनच अगदी साधी आहे: टाकीतील सगळी पाने मंद डुलत असली पाहिजेत आणि एकही रोप वाकून पडलेले नसावे.

सिलिंडरचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. सिलिंडर लावणारे पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत नेतात, तर केवळ हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात ते एक मिलिग्रॅमही नसते. एवढा फरक असल्यामुळे पृष्ठभाग जितका ढवळला जाईल तितका पैसे देऊन सोडलेला वायू हवेत उडून जातो. पाणी वरून धबधब्यासारखे पाडणारे किंवा बुडबुड्यांवर चालणारे फिल्टर अशा टाकीत तोट्याचे असतात. सिलिंडर नसेल तर गणित उलटे होते: दिवसा रोपे पाण्यातील वायू संपवत आणतात, आणि पृष्ठभाग हलता असेल तर हवेतून त्याची थोडीफार भरपाई होत राहते. म्हणून सिलिंडर लावणार नसाल तर कॅनिस्टरवर पैसे खर्च करू नका. काचेला अडकवायचा एक चांगला हँग-ऑन फिल्टर आणि सोबत एक स्पंज फिल्टर एवढ्यावर ही टाकी उत्तम चालेल. फक्त क्रिप्टोकोरिन, अनुबियास, जावा फर्न यांसारखी संथ वाढणारी रोपे निवडा आणि पुढच्या हिरवळीचा आग्रह सोडा.

खडीखाली बसवायचा जाळीदार फिल्टर पोषक सॉइलखाली चालत नाही, कारण ती बारीक होऊन जाळीत शिरते आणि मुळे जाळीत गुंततात. झाकणावर बसणारा टॉप फिल्टर प्रकाश अडवतो. आत बुडवून ठेवायचा इंटर्नल फिल्टर लहान टाकीत ठीक असला, तरी तीन फुटांच्या टाकीत तो जागा खातो आणि सगळा प्रवाह एकाच झोतात सोडतो.

सिलिंडर नक्की लावणार असाल तर कॅनिस्टरच घ्या, परंतु ताशी 2000 लिटरचा नको. तुमच्या टाकीचे मोजमाप 159 लिटर भरते. सॉइल, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी 130 लिटरच्या आसपास राहील. खोक्यावर छापलेला प्रवाह बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. स्पंज आणि रिंगा भरल्यावर, नळ्यांची वळणे धरून, तो निम्म्यापर्यंत उतरलेला मी अनेकदा मोजला आहे. प्लांटेड टाकीसाठी ‘तासाला टाकीच्या दहापट’ असा जो नियम सांगितला जातो, तो या छापील आकड्यांना धरूनच समजून घ्यावा. ताशी 1000 ते 1200 लिटर लिहिलेला कॅनिस्टर प्रत्यक्षात 600 लिटरच्या आसपास देईल आणि तुमच्या टाकीला तो पुरेसा आहे. 2000 लिटरच्या पंपाच्या झोतात निऑन दिवसभर पोहत दमतील आणि नुकतीच लावलेली हिरवळ उपटून वर येईल. खरा प्रवाह मोजायचा असेल तर बाहेर येणारी नळी टाकीच्या पाण्याच्या पातळीवर धरून 10 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. एक मिनिट लागले तर प्रवाह ताशी 600 लिटर. नळी खाली जमिनीजवळ धरून मोजल्यास सायफनमुळे आकडा फुगतो, म्हणून बादली स्टुलावर ठेवा.

त्याच प्रवाहाचा उपयोग नळीचे तोंड कोठे आहे यावर कमी-जास्त होतो. लिली पाइप (काचेच्या वळणदार नळ्या) वापरत असाल तर पाणी आत सोडणारी आणि बाहेर ओढणारी नळी टाकीच्या एकाच टोकाला ठेवा. म्हणजे प्रवाह वरून समोरच्या काचेपर्यंत जातो, खाली वळतो आणि रोपांच्या बुंध्यांतून परत येतो. स्प्रे बार (ओळीने भोके असलेली नळी) असेल तर तो मागच्या काचेवर, पाण्याच्या थोडा खाली, भोके पुढच्या काचेकडे करून लावा. पृष्ठभाग हलकासा थरथरला पाहिजे, म्हणजे तेलकट साय धरत नाही आणि रात्री माशांना प्राणवायू कमी पडत नाही. मात्र पाणी खळाळू नये. एवढे करूनही एखादा कोपरा निपचित राहिला, तर तेथे ताशी 300-400 लिटरचा छोटा पंप लावा. मोठा कॅनिस्टर घेण्यापेक्षा हा उपाय स्वस्तही आहे आणि अचूकही.

कॅनिस्टरमध्ये पाण्याच्या वाटेत आधी जाड छिद्रांचा स्पंज, मग मध्यम स्पंज, मग रिंगा आणि शेवटी फिल्टर वूलचा (कापसासारख्या तंतूंचा) पातळ थर, एवढे भरा. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कायम ठेवू नका. औषध दिल्यानंतर पाणी स्वच्छ करायचे असेल किंवा लाकडाचा तपकिरी रंग नको असेल तेव्हा तो उपयोगी आहे. अमोनिया शोषणारा झिओलाइट आणि फॉस्फेट काढणारे दाणे रोपांच्या तोंडचा घासच काढून घेतात. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर मात्र स्पंजची टोपी हवीच, नाहीतर कोळंबीची पिल्ले आत ओढली जातील. ती टोपी आठवड्याच्या पाणीबदलाच्या वेळी पिळून घ्या. मुख्य कॅनिस्टर दोन-तीन महिन्यांनी उघडला तरी चालतो, पण एका वेळी सगळा मीडिया धुऊ नका, आणि धुवाल तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. नळाला कधी क्लोरीनयुक्त पाणी येत असेल तर त्याने सूक्ष्मजीव मरतात. खरेदी करताना झाकणाच्या खटक्या आणि नळ्या सोडवण्याची सोय दुकानातच हाताळून पाहा. जो फिल्टर उघडायला त्रास होतो तो वेळेवर साफ होत नाही, आणि अडलेला महागडा फिल्टर नियमित साफ होणाऱ्या स्वस्त फिल्टरपेक्षा वाईट असतो.

भारनियमनाचा मुद्दा तुम्ही शेवटी ओझरता लिहिला आहे, पण मी त्याला बरेच महत्त्व देईन. कॅनिस्टर हा बंद डबा आहे. पाणी थांबले की आतील सूक्ष्मजीव उरलेला प्राणवायू वापरून संपवतात, आणि काही तासांनी आत सडलेले पाणी तयार होते, जे वीज येताच थेट टाकीत जाते. दोन-तीन तासांत सहसा बिघडत नाही, पण वीज त्याहून बराच जास्त वेळ गेली तर कॅनिस्टर उघडून आतले पाणी ओतून द्या आणि मगच तो सुरू करा. उन्हाळ्यात धोका वाढतो, कारण 25 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 32 अंशांच्या पाण्यात सुमारे 7.3. या आकाराचे कॅनिस्टर साधारण 15 ते 20 वॉट वीज घेतात, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर ते सहज चालतात. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, स्क्वेअर वेव्हवर पंप घरघरतो आणि तापतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि एक छोटा स्पंज फिल्टर जोडून ठेवा. हँग-ऑन घेतलात तर वीज परत आल्यावर तो आपोआप पाणी ओढतो का, हे पहिल्याच दिवशी तपासा. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पातळी उतरली की काही हँग-ऑन कोरडेच फिरत राहतात आणि इंपेलर (पंपातील फिरणारी चक्री) जळतो. फिल्टर कोणताही असो, वायर सॉकेटच्या खाली लोंबते वळण देऊन मगच वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये शिरणार नाही.

नवी अ‍ॅक्टिव्ह सॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, म्हणून फिल्टर आणि रोपे पहिल्या दिवसापासून चालू ठेवून मासे मात्र थांबवा. या काळात पाणी वरचेवर बदला आणि टेस्ट किटने अमोनिया व नायट्राइट मोजत राहा. दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसल्यावर आधी सहा-सात निऑन सोडा, उरलेले पंधरा दिवसांनी, आणि कोळंब्या सर्वांत शेवटी, दगडांवर आणि पानांवर शेवाळाचा बारीक थर धरल्यावर, कारण त्यांचे मुख्य खाणे तेच आहे.