गोव्यात लोहखनिजाच्या खाणी परत सुरू होताहेत. ओळख नसताना खाणीवर नोकरी कशी मिळवायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वय तेवीस, वाळपईचे, मेकॅनिकलचा डिप्लोमा, सध्या वेर्ण्याला कंत्राटावर. वडिलांचा टिप्पर होता, तो खाणी बंद पडल्यावर दारात उभा राहून भंगारात गेला. आता तीन खाणींच्या गेटवर बायोडेटा देऊन आलात, कोणी फोन केला नाही. ओळख नसेल तर आत जाता येतं का, मायनिंगचा वेगळा डिप्लोमा करावा का, आणि जिऑलॉजी शिकणाऱ्या बहिणीला या धंद्यात जागा आहे का?

गेटवर दिलेला बायोडेटा कुठे जातो ते आधी सांगतो. मी दोन वर्षं त्या केबिनच्या शेजारी बसलोय. तो सिक्युरिटीच्या टेबलाच्या खणात जातो आणि पावसाळ्यात त्यावर चहाचे ग्लास ठेवतात. तुमच्या बायोडेटात खोट आहे असं समजू नका. गेटवर नोकरी नसतेच. लिलावात ब्लॉक, म्हणजे खाणीचा तुकडा, घेतलेल्या कंपनीची स्वतःची माणसं मोजकी असतात: मॅनेजर, सर्व्हेअर, जिऑलॉजिस्ट, सेफ्टीवाले, ऑफिस. माल काढणारा कंत्राटदार वेगळा, वाहतुकीचा वेगळा, मशिनं भाड्याने देणारा वेगळा, आणि त्या मशिनांची सर्व्हिस बघणारी डीलरची माणसं आणखी वेगळी. नवा मुलगा आत शिरतो तो या चौघांपैकी कोणाच्या तरी मार्फत. आमदाराच्या चिठ्ठीने जागा मिळते हे खोटं नाही, पण अशा माणसाला बहुतेक वेळा पंपावर नाहीतर वॉचमन म्हणून बसवतात, आणि तो तिथेच राहतो.

मी चिठ्ठीशिवाय लागलो, 2005 मध्ये, पाळी गावाच्या बाजूला, सॅम्पलिंगला, म्हणजे मालाचे नमुने घ्यायला. ऐकायला मोठं वाटतं, काम फावड्याचं. स्टॅकवरून, म्हणजे रचलेल्या मालाच्या ढिगावरून, ठरलेल्या अंतराने माल उचलायचा, पत्र्यावर ओतून मोदकासारखा ढीग करायचा, तो वरून दाबून भाकरीसारखा पसरायचा, फावड्याने चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले दोन एकत्र करून पुन्हा मोदक. असं करत करत शेवटी पिशवीभर उरतो तो लॅबला. तिथे आधी ओला वजन करतात, मग भट्टीत सुकवून परत वजन. मला तेव्हा वाटायचं, मातीतलं पाणी मोजून काय मिळतं? बाहेरचा गिऱ्हाईक सुक्या टनाचे पैसे देतो हे नंतर कळलं. आणि 2009 च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ एक आणि पारादीपजवळ एक अशी लोहखनिज भरलेली दोन जहाजं बुडाली, तेव्हा उरलेलं कळलं. ओला बारीक माल जहाजात हादरे बसून चिखलासारखा वाहायला लागतो आणि जहाज कलंडतं. त्यानंतर माझ्या पिशवीकडे मी जरा आदराने बघायला लागलो.

आता मुख्य गोष्ट. तीन हंगाम तिथे काढल्यावर एका जुन्या फोरमनने सांगितलं, मेटची परीक्षा दे. मेट म्हणजे पाळीचा पहिला जबाबदार माणूस. काम सुरू व्हायच्या आधी तो बेंच, म्हणजे खाणीत कापलेली पायरी, बघतो, पावसानंतर वरच्या काठाला भेग पडलीय का, डंपवर, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगावर, ट्रक मागे घेताना टायर अडेल असा मातीचा बांध आहे का, आणि मग वहीत लिहून सही करतो. त्याने नको म्हटलं की मशीन सुरू होत नाही. मेट, फोरमन, मॅनेजर ही सर्टिफिकिटं खाण सुरक्षा महासंचालनालय देतं, ज्याला सगळे डीजीएमएस म्हणतात. मुख्य कचेरी धनबादला. परीक्षेला खाणीतला अनुभव लागतो आणि प्रथमोपचाराचं सर्टिफिकेटही. मी अनुभवाचा दाखला आणायला गेलो तर माझं नाव रजिस्टरातच नाही! ज्या कंत्राटदाराकडे मी होतो त्याने पगार रोख दिला, बूट दिले, चवथीला नारळ आणि साखरही दिली, पण खाणीच्या बी रजिस्टरात, म्हणजे कामगारांच्या नोंदवहीत, नाव घातलं नव्हतं. कागदावर मी तीन वर्षं खाणीत पाऊलच ठेवलं नव्हतं. भांडलो, उपयोग झाला नाही. 2008 पासून दुसऱ्याकडे नव्याने मोजायला सुरुवात केली आणि सर्टिफिकेट हातात आलं 2012 च्या सुरुवातीला.

त्याच वर्षी 10 सप्टेंबरला, चवथीच्या तोंडावर, सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. ही गोष्ट तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. 2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पुढे खाणी चालू झाल्या, आणि 2018 मध्ये 88 लीजांचं, म्हणजे खाणपट्ट्यांचं, नूतनीकरण रद्द होऊन 16 मार्चपासून परत सगळं बंद, पाडव्याला दोन दिवस असताना. आता जे चाललंय ते 2022 च्या शेवटी सुरू झालेल्या लिलावांमधलं. त्यातला डिचोलीचा ब्लॉक 2024 च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. बाकीच्यांना पर्यावरण परवाना, जनसुनावणी, रस्ता, कोर्ट असं सगळं पार करावं लागतं, म्हणून पेपरात "खाणी सुरू" वाचलं की लगेच वेर्ण्याची नोकरी सोडू नका.

माझ्याबरोबर मेट नसलेले, माझ्यापेक्षा हुशार लोक होते. त्यांनी गाडे घातले, काही मुंबईला गेले, एकजण अजून रिक्षा चालवतो. मला 2013 मध्ये ओडिशात बडबिलला काम मिळालं ते त्या एका कागदावर, कारण तो देशात कुठल्याही धातूच्या उघड्या खाणीत चालतो. कोळशाला वेगळा लागतो. तिथे गेल्यावर आपण किती लाडात वाढलो ते कळलं. आपल्याकडचा माल बहुतेक मऊ, एक्स्कॅव्हेटरने ओरबाडला तरी येतो, तिथे दगड फोडायला सुरुंग. पहिल्या ब्लास्टच्या सायरनला मी गाडीखाली शिरलो होतो. अजून हसतात.

म्हणून तुमच्यासाठी: मायनिंगचा वेगळा डिप्लोमा आता करू नका. बारावीनंतरच मायनिंगची पदवी घ्यायची असती तर नागपूरचं व्हीएनआयटी, सुरतकलचं एनआयटी किंवा धनबादचं आयआयटी असं सांगितलं असतं. तुमचा मेकॅनिकल डिप्लोमाच खाणीत जास्त उपयोगी आहे. खाण म्हणजे अर्धं गॅरेज. हायड्रॉलिकचा पाइप फुटला की मशीन उभं, मशीन उभं की वीस ट्रक उभे, आणि सगळ्यांच्या शिव्या एका मेकॅनिकला. तेव्हा खाणीचं गेट सोडा आणि टाटा हिताची, कोमात्सु, व्होल्वो यांच्या डीलरकडे सर्व्हिसला अर्ज करा. तिथे ट्रेनिंग त्यांच्या खर्चाने होतं, आणि साइटवर दोन महिने मशीन चालू ठेवून दाखवलं की कंत्राटदार स्वतः विचारतो, आमच्याकडे येतोस का. खाण परत बंद पडली तरी एक्स्कॅव्हेटर रस्त्याच्या कामावर असतोच. ही वाट चिठ्ठीपेक्षा लांबची आहे, पण तीन-चार वर्षांत तुम्ही स्वतःच कोणाची तरी ओळख झालेले असाल.

खाणीत पाय ठेवलात की पहिल्या आठवड्यात विचारायचं: माझं नाव रजिस्टरात कुठल्या तारखेला चढलं? मेडिकल झाली का, छातीचा एक्स-रे, डोळे, कान? व्होकेशनल ट्रेनिंग कधी? पीएफचा नंबर काय? लाजू नका. "बघूया रे, करूया" असं उत्तर आलं तर महिनाभर थांबा आणि दुसरीकडे बघा. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा, खाणीच्या ऑफिसात नको. ऑफिसं बंद होतात, कपाटं हरवतात.

बहिणीला जागा आहे, आणि तुमच्यापेक्षा चांगली. कुठल्या बेंचचा माल किती टक्के लोखंडाचा, कुठला कशात मिसळायचा, हे जिऑलॉजिस्ट ठरवतो, आणि आपल्याकडे मालाचा दर्जा कमी असल्यामुळे त्या मिसळण्यावरच धंदा चालतो. 2019 पासून बायकांना लेखी संमती घेऊन उघड्या खाणीत रात्रपाळीलाही घेता येतं, त्यामुळे "मुलींना नको" हे कारण आता चालत नाही, तरी ऐकावं लागेल. गोवा विद्यापीठात एमएस्सी करू दे, सुट्टीत लॅबमध्ये किंवा खाणीवर महिनाभर काम करू दे. मोदक आणि भाकरी तिलाही करावी लागेल.

आणि अर्ज करायची वेळ. लोक दसऱ्यानंतर फिरतात, तेव्हा जागा भरलेल्या असतात. पाऊस ओसरायला लागला, पिटातलं पाणी उपसायचा हिशेब सुरू झाला, की मशिनांची यादी होते आणि माणसांची पण. यंदा चवथ झाली की दुसऱ्याच सोमवारी निघा.