मॅसॅच्युसेट्स स्वतःला ‘कॉमनवेल्थ’ का म्हणवतं?

बॉस्टनच्या कोर्टाच्या कागदावर ‘कॉमनवेल्थ विरुद्ध अमुक’ असं वाचून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: हे राज्य ब्रिटिशांच्या राष्ट्रकुलात आहे का, आणि त्याला इतर राज्यांपेक्षा जास्त अधिकार आहेत का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया आणि केंटकी ही चार राज्यं अधिकृतपणे कॉमनवेल्थ म्हणवतात, पण संघराज्याच्या लेखी ती बाकीच्या 46 राज्यांसारखीच.

आपल्याला राष्ट्रकुल आधी आठवतं, पण ते विसाव्या शतकातलं. अमेरिकेतलं हे नाव थेट राजाविरुद्धच्या भांडणातून आलं आहे. 1649 मध्ये इंग्लंडने पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद केला आणि 1660 पर्यंत राजाविना कारभार चालवला, तेव्हा देशाला कॉमनवेल्थ म्हटलं गेलं. 1776 मध्ये तिसऱ्या जॉर्जला झुगारणाऱ्यांना हा इतिहास चांगला ठाऊक होता.

तुमच्या कागदाचं मूळही तिथेच आहे. वसाहतीत फौजदारी खटले राजाच्या नावाने चालत. व्हर्जिनियाच्या 1776 च्या घटनेने आरोपपत्राच्या शेवटी ‘कॉमनवेल्थच्या शांततेविरुद्ध आणि प्रतिष्ठेविरुद्ध’ असं लिहायला सांगितलं. राजाच्या जागी जनतेची सत्ता आली, आणि मला यात क्रांतीचा खरा ऐवज दिसतो. न्यूयॉर्कने त्याच जागी ‘जनता’ लिहिलं, इतर बऱ्याच ठिकाणी ‘राज्य’ लिहितात. मॅसॅच्युसेट्सने 1778 चा घटनेचा मसुदा फेटाळला. राज्याला ‘कॉमनवेल्थ’ म्हणणारी, जॉन अ‍ॅडम्सने लिहिलेली 1780 ची घटना मात्र स्वीकारली, आणि ती दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. केंटकी आधी व्हर्जिनियाचाच भाग होतं, 1792 मध्ये वेगळं झालं.

नावाने सगळं साधलं असं मात्र नाही. ‘कॉमनवेल्थ विरुद्ध जेनिसन’ हा 1783 चा खटला बघा. क्वॉक वॉकर या कृष्णवर्णीयाला आपला गुलाम समजून मारहाण करणाऱ्याला शिक्षा झाली, आणि न्यायाधीश कुशिंग यांनी ज्यूरीला सांगितलं की नव्या घटनेशी गुलामगिरी जुळत नाही. तेच नाव लावणाऱ्या व्हर्जिनियात गुलामगिरी 1865 पर्यंत टिकली.

एक सावधगिरी बाळगा. पोर्तो रिको आणि नॉर्दर्न मारियाना बेटंही कॉमनवेल्थ म्हणवतात, पण ती राज्यं नाहीत. पोर्तो रिकोतले लोक अमेरिकी नागरिक असूनही तिथे राहून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत, आणि सिनेटमध्ये त्यांचा कुणी नसतो.