कपाटाच्या दारावर दुहेरी टेपने चिकटवलेला प्लास्टिकचा हुक घट्ट बसला आहे, पॉलिश खराब न करता तो कसा काढायचा?

ओढू नका. दारापासून सरळ आपल्याकडे ओढलं की टेप, पॉलिश आणि लाकूड या सगळ्या थरांवर ताण येतो आणि त्यातला सगळ्यात कच्चा थर आधी सुटतो. दार जुनं असेल तर तो थर बहुतेक वेळा पॉलिशचाच निघतो. म्हणून ताण पॉलिशवर येऊ द्यायचा नाही, टेपच्या पोटातच आणायचा.

आधी हुकाच्या मागे नेमकं काय आहे ते बघा. काही हुकांवर वरून सरकणारं झाकण असतं आणि आत एक स्क्रू दडलेला असतो. तो असेल तर आधी तो काढा, नाहीतर बाकीची सगळी खटपट व्यर्थ. काही हुकांच्या खालून टेपचं छोटं शेपूट डोकावत असतं. ती ताणून सुटणारी टेप. तिचं शेपूट धरून दाराला समांतर, सरळ खाली, अगदी सावकाश ओढत राहायचं. टेप ताणली जाऊन बारीक होते आणि आपोआप सुटत जाते. ते शेपूट आपल्या दिशेने ओढलं तर मात्र तुटतं.

शेपूट नसेल, कडेने बघितल्यावर फोमचा पांढरा किंवा काळा थर दिसत असेल, तर डेंटल फ्लॉस घ्या. नसल्यास गळाची बारीक नायलॉन दोरी चालेल. साधा शिवणाचा दोरा तुटतो. हेअर ड्रायर कमी तापमानावर ठेवून हुक थोडा गरम करा. झोत एका जागी धरू नका, फिरवत राहा आणि मधूनमधून बाजूच्या पॉलिशला हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर जास्त झालं. लाखेचं पॉलिश उष्णतेने लवकर मऊ पडतं, तिथे तर कोमट झालं तरी पुरे. मग फ्लॉसची टोकं दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून हुकाच्या वरच्या कडेमागे घाला आणि करवतीसारखं डावं-उजवं करत खाली या. दोरी हुकाच्या अंगाला लागून चालली पाहिजे, दाराच्या नाही. फोम दारावर राहिला तर राहू द्या, तो नंतर निघतो.

इथे घाई नडते आणि त्याला कारण आहे. या टेपचा गोंद झटक्याला कडक होतो, सावकाश दिलेल्या ताणाला मात्र हळूहळू सैल पडतो. त्यामुळे दोरी अडली तर जोर वाढवू नका. पुन्हा थोडी ऊब द्या, दोरी ताणून धरा आणि थांबा. सुरी, पटाशी, स्क्रू ड्रायव्हर यांपैकी काहीही मागे खुपसू नका. कड उचलायलाच हवी असेल तर जुनं प्लास्टिकचं कार्ड आडवं सरकवा.

हुक निघाला की दारावरचा फोम आणि गोंद अंगठ्याने एकाच दिशेने चोळा. त्याच्या गुंडाळ्या होऊन बराचसा निघून येतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण जितकं अंगठ्याने निघेल तितकं रसायन कमी लागतं. उरलेल्या चिकट थरासाठी कापडाला थोडं टर्पेंटाइन लावा. मिनरल टर्पेंटाइन म्हणतात ते, रंगाच्या दुकानात मिळतं. थेट दारावर ओतू नका. कापड थोडा वेळ दाबून ठेवा, मग पुसा. दाराच्या आतल्या कडेवर आधी करून बघा. ड्रायर बंद होऊन लाकूड पूर्ण थंड झाल्याशिवाय टर्पेंटाइनची बाटली उघडू नका, त्याची वाफ पेट घेते. मेणाचं पॉलिश असेल तर तेवढ्या जागेवरचं मेणही पुसलं जाईल, ते नंतर पुन्हा लावता येतं.

बऱ्याच जणांचा हात आधी नेलपॉलिश रिमूव्हरकडे नाहीतर स्पिरिटकडे जातो. गोंदाबरोबर पॉलिश जाण्याचा सगळ्यात जास्त धोका तिथेच आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि ते लॅकरचं पॉलिश खातं, हुकाचं प्लास्टिकसुद्धा खाऊ शकतं. पॉलिश कोणतं ते माहीत नसेल तर दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावून बघा. जागा चिकट झाली तर लाख समजा आणि स्पिरिट परत ठेवून द्या. दार सनमायकाचं निघालं तर तुमची काळजी निम्मी झाली, तो पृष्ठभाग बराच सोशिक असतो. फक्त त्याची कड कार्डाने उचकटू नका.

हाच हुक रंगवलेल्या भिंतीवर असता तर ऊब आणि फ्लॉस इथपर्यंत सगळं सारखंच, पण पुढे टर्पेंटाइन किंवा तेल लावायला मी सांगितलं नसतं. साध्या रंगाच्या भिंतीत तेल मुरतं आणि डाग पडतो. तिथे फक्त अंगठा आणि धीर.

फोम दिसतच नसेल, कुणीतरी सुपरग्लू लावून हुक बसवला असेल, तर ही पद्धत चालणार नाही. दोरी शिरायला जागाच नसते आणि तो गोंद विरघळवणारं ॲसिटोन पॉलिशही नेईल. अशा वेळी हुकाचा बाहेर आलेला भाग पक्कडीने कापून टाका, उरलेली चकती तशीच ठेवा आणि दार पुन्हा पॉलिश करायला काढाल तेव्हा सुताराकडून काढून घ्या.

हुकाच्या जागी गडद किंवा फिकट चौकोन दिसला तर लगेच घासायला घेऊ नका. आजूबाजूच्या लाकडाचा रंग उजेडाने बदललेला असतो, हुकाखालचा नाही. नखाने चाचपून बघा. कड लागत नसेल तर पॉलिश शाबूत आहे, आणि उजेड पडत राहिला की तो फरक हळूहळू कमी होत जातो.