डिफ्यूजन एमआरआयमध्ये काम करायला डॉक्टरच व्हावं लागतं का?

फोंड्याहून एका आईनं लिहिलंय: लेक बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिरॉसिसच्या, म्हणजे यकृतात तंतू साठून ते कडक झालेल्या, रुग्णाच्या पोटात पुढे पाणी भरेल का, अन्ननलिकेतल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होईल का, हे डिफ्यूजन एमआरआयवरून आधी ओळखण्याबद्दल तिनं वाचलं. आता तिला त्यातच काम करायचंय. त्यासाठी नीट द्यावी का?

ताई, रुग्ण तपासायचे असतील तर जरूर द्यावी. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, वर एमडी रेडिओलॉजीची तीन. पण प्रतिमेतून भरवशाचा आकडा काढणं हे फिजिक्सचंच काम, आणि सगळं अडतं ते तिथेच.

ऊतीतलं पाणी किती मोकळं हलतं, ते डिफ्यूजन मोजतं. बी-व्हॅल्यू, म्हणजे स्कॅन पाण्याच्या हालचालीला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा, ५० वरून ८०० वर नेल्यावर सिग्नल ४०० वरून १६० वर उतरला, तर २.५ चा नैसर्गिक लॉग भागिले ७५०, म्हणजे एडीसी (पाणी किती मोकळं हलतं त्याचं माप) सुमारे ०.००१२ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. सिरॉसिसमध्ये तो सहसा घटतो. मात्र तंतू वाढल्यामुळे की यकृतातला सूक्ष्म रक्तप्रवाह मंदावल्यामुळे, हे दोनच बी-व्हॅल्यूंवरून कळत नाही. त्यासाठी अनेक लागतात. यकृताच्या डाव्या लोबमध्ये (भागात) हृदयाच्या ठोक्यांनी सिग्नल गळतो आणि एडीसी खोटा वाढतो, म्हणून मोजायचं उजव्या लोबमध्ये, मोठ्या शिरा टाळून. श्वास हलला, शेजारी जठरात वायू असला, यकृतात लोह साठलेलं असलं, तरी आकडा बिघडतो.

हेही तिला सांगा: पोर्टल दाबासाठी, म्हणजे आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतल्या दाबासाठी, अजून यकृताच्या शिरेत कॅथेटर (बारीक नळी) घालून मोजलेला दाबातला फरकच प्रमाण मानतात. तो १० मिमी पारा किंवा जास्त झाला की गुंतागुंतीचा धोका वाढतो. डिफ्यूजननं ती जागा घेतलेली नाही. यकृताचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी डिफ्यूजनच्या पुढे आहे. म्हणजे करण्यासारखं पुष्कळ उरलंय.

ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स करावं, सोबत पायथन आणि संख्याशास्त्र. त्यानंतरचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा नोकरीसाठी चांगला, पण त्यात भर रेडिओथेरपी आणि किरणोत्सर्ग सुरक्षेवर असतो. एमआरआय वेगळं शिकावं लागेल.

प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांचं पत्र घेऊन बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या रेडिओलॉजी विभागात विचारा. रुग्णांच्या प्रतिमा हव्या असतील तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. त्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवलेली पाण्याची प्लॅस्टिक बाटली स्कॅन करू देतात का, ते पाहावं. शून्य अंशाला पाण्याचा एडीसी ०.००११ यायला हवा. नाही आला, तर का नाही, हाच तिचा पहिला प्रोजेक्ट.