वेग कमी दिसला म्हणजे कोंडी, असं नाही

गाड्यांच्या जीपीएसचा डेटा हातात आला की कोंडी कुठे ते दाखवायला लगेच नकाशा लाल-हिरवा करायला बसू नकोस. आधी रस्त्याचे तुकडे नीट पाड: एका सिग्नलच्या स्टॉपलाइनपासून पुढच्या सिग्नलच्या स्टॉपलाइनपर्यंत. शंभर-शंभर मीटरचे कापलेस तर सिग्नलजवळचा प्रत्येक तुकडा कायम लालच दिसेल, कारण तिथे गाड्या थांबणारच.

सरासरी काढताना जपून. त्याच तुकड्यावर एक गाडी ताशी १० किमीने गेली, दुसरी ४० ने, तर उत्तर २५ नाही. किलोमीटरला एकीला ६ मिनिटं, दुसरीला दीड. सरासरी पावणेचार मिनिटं, म्हणजे ताशी १६ किमी. वेळेची सरासरी घे, मग वेग काढ.

तुलना कशाशी? पाटीवरच्या वेगमर्यादेशी नको, त्याच तुकड्याच्या रात्री उशिराच्या वेगाशी कर. गर्दीच्या वेळी दुप्पट वेळ लागत असेल आणि हे बऱ्याच कामाच्या दिवशी घडत असेल, तरच मी त्याला कोंडी म्हणेन. एखाद्या मंगळवारी मिरवणूक निघाली, ते वेगळं.

पुण्यातलं काम असेल तर दुचाकी वेगळ्या काढच, त्या फटीतून निघून जातात आणि रस्ता मोकळा भासवतात. बीआरटी मार्गिकेतल्या, म्हणजे बससाठी राखीव लेनमधल्या, बसही वेगळ्या. नळ स्टॉपला तर वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली रस्ता. जीपीएस तिघांना एकाच रेषेवर आणून बसवतं. तिथे संध्याकाळी स्वतः जाऊन उभा राहा, रांग कुठवर जाते ते बघ आणि मगच नकाशा रंगव.